चौदावा नंबर

मु. पो. चारठाणा, ता. जिंतूर
१४ डिसेंबर २०२५

चि. पंकजास अण्णाचे आशीर्वाद.

पत्र लिहायला फार उशीर झाला, राग धरू नकोस. आठ दिवस झाले, लिहीन लिहीन म्हणतो आणि कागद काढला की परत घडी घालून ठेवतो. तू म्हणशील, हातात फोन असताना अण्णाला पत्र कुठून सुचलं. पण फोनचंच लिहायचं आहे. तुमच्या ऊसतोडीच्या कोपीत फोन आला की आवाज मोठा करून सगळी टोळी ऐकते, आणि हे सगळ्यांनी ऐकण्यासारखं नाही. म्हणून तुमच्या वस्तीवरच्या आबासाहेबांच्या किराणा दुकानाच्या पत्त्यावर पाठवतो आहे. जावईबापू बन्सीधररावांना सांगायचं का नाही ते तू ठरव.

मागल्या आठवड्यात मी दोऱ्याची रिळं आणि बटणं आणायला जिंतूरला गेलो होतो. सामान घेतलं आणि तू दिवाळीला शिकवलं होतंस तसा फोन त्यांच्या यंत्राला टेकवला. यंत्र वाजलं नाही. दुकानदारानं यंत्र पुसलं, मी फोन धोतराला पुसला, परत टेकवला. काही नाही. मागं चार बाया उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, बाबा, टेकवायलाव का देवाला दाखवायलाव. मी सामान तिथंच ठेवलं आणि बसस्टँडजवळ नागसेनच्या दुकानात गेलो. फोन त्याच्याकडूनच घेतलेला आहे. माणूस सरळ आहे, चाळिशीचा, मला नीट समजावून सांगतो.

त्यानं फोन बघितला आणि कंपनीचा निरोप वाचून दाखवला. माझ्या एकट्याच्या नावावर ठरलेल्यापेक्षा जास्त सिमकार्डं आहेत, म्हणून कंपनीनं त्या सगळ्या नंबरांवरून फोननं पैसे द्यायची सोय थांबवली आहे. दहा जानेवारीपर्यंत मी जास्तीची कार्डं सोडली नाहीत तर बोलणंही बंद होणार. मी म्हणालो, नागसेन, माझ्याकडं एकच फोन हाय, तो बी तुझ्या दुकानातला. त्यानं यादी काढली आणि म्हणाला, "काका, फोन एक असंल. कागदावर तुमी एकटे चौदा माणसं हाव."

पंकजा, मी खालीच बसलो. चौदा. पेपरात रोज येतं, अमक्याच्या नावावरच्या नंबरवरून लोकांना फसवलं आणि पोलिसांनी म्हाताऱ्याला उचललं. मला वाटलं, संपलं. पाणी पाजलं तेव्हा डोकं चाललं.

तुला आठवत असेल. आठ-नऊ वर्षांमागं बाजाराच्या दिवशी छत्री लावून एक जण कार्डं विकायला बसायचा. त्याच्या यंत्रावर अंगठा ठेवावा लागायचा. ऊस तोडणाऱ्यांचे अंगठे ते यंत्र घ्यायचंच नाही. कोयता धरून आणि पाचट ओढून रेषाच राहिल्या नव्हत्या. मी पडलो शिंपीकाम करणारा. सुई टोचू नये म्हणून बोटात अंगुस्तान आणि अंगठा कायम कापडावर. माझा अंगठा पहिल्या झटक्यात लागायचा. कुणी म्हणायचं, अण्णा, जरा अंगठा लावा की. मी मशीन सोडून उठायचो आणि लावून यायचो. एक चहा मिळायचा. खरं सांगतो, मला त्याचा अभिमानच वाटायचा. तोच अंगठा आज असा माझ्या अंगावर येईल असं वाटलं नव्हतं.

घरी येऊन मी मापाची वही काढली. गिऱ्हाइकाच्या मापापुढं त्याचा नंबर लिहायची माझी रीत तुला माहीत आहे. वहीशी यादी ताडून बघितली. एक नंबर माझा. आठ तुमच्या टोळीतले, त्यात तू आणि बन्सीधरराव आले. चार इथं गावातच आहेत. आता फोटो काढून नाव बदलून मिळतं, पण माणूस समोर लागतो. त्या चौघांना मी जिंतूरला नेतो. एवढ्यानं तेरा झाले. चौदावा वहीत कुठंच नाही. शेवटी ६३ आहे. नागसेन म्हणतो कार्ड चालू आहे. कोण कुठला चोर माझ्या नावावर बोलतो आहे कोण जाणे. सगळ्यात आधी तोच तोडायला सांगणार आहे.

तुझा फोन टेकवून पैसे जातात का ते कळव. तुझी आई बरी आहे. तिला यातलं काही सांगितलेलं नाही.

तुझा अण्णा


आबासाहेबांचे किराणा दुकान, कारखान्याची कोपी-वस्ती
२० डिसेंबर २०२५

ती. अण्णांना पंकजाचा नमस्कार.

पत्र मिळालं. वाचून मीही खालीच बसले. आम्हाला वाटत होतं आबासाहेबांचं यंत्रच बिघडलं.

त्या दिवशी आम्ही सगळ्या बाया तेल, पीठ घ्यायला गेलो होतो. सुमनबाईनं फोन टेकवला, नाही वाजला. मी टेकवला, नाही वाजला. मागच्या दोघींचंही तेच. सामान पिशवीत भरलेलं, ते सगळं परत काढायला लावलं. आबासाहेब म्हणाले, "एकाच गावच्या चौघींचे फोन एकाच दिवशी मेले. साथ आली का काय तुमच्याकडं?" दुकानातली माणसं हसली. आम्ही रिकाम्या पिशव्या घेऊन परत आलो. रोख पैसे काढायचं यंत्र इथून चौदा किलोमीटरवर आहे. बन्सीधर एक दिवस उसाचा फड सोडून तिकडं गेले तेव्हा चूल पेटली. मुकादम बोलला ते वेगळंच.

तुमचं पत्र मी कुणाला दाखवणार नव्हते, पण लोक माझ्यावरच आले. कार्डं तुमच्या अंगठ्यावरची आहेत हे सगळ्यांना आठवत होतं. सुमनबाई म्हणाली, "तुझ्या बापाचा अंगठा आमच्या गळ्याला लागला गं." पण मनानं ती वाईट नाही. संध्याकाळी तीच मला भाकरी द्यायला आली आणि म्हणाली, अण्णाला म्हण, घाबरू नको, त्यानं तवा उपकारच केले व्हते.

आता तुम्ही एवढंच करा. आमचे आठ नंबर ठेवा. आम्ही गुढीपाडव्याला गावी आलो की ज्याचं त्याच्या नावावर करून घेतो. फड सोडून आता कुणाला येता येत नाही.

आणि अण्णा, तो चौदावा नंबर तोडू नका. चोराबिराचा नसेल. असेल कुणा गरिबाचा. त्याचंही रोजचं चहापाणी, घरभाडं त्याच्यावरच चालत असेल. तुम्ही त्याच्यावर फोनही करू नका. बोलून चालून कुणी अंगावर आलं तर तुम्हाला त्रास. आहे तसा राहू द्या.

गोळ्या वेळेवर घेत जा. फोनवर तुम्ही ऐकून न घेताच ठेवून देता, म्हणून मीही लिहिलं.

तुमची पंकजा


चारठाणा
२७ डिसेंबर २०२५

चि. पंकजास आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी नुसतंच वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर अडकलो. घरभाडं. चारठाण्यात आणि तुमच्या कोप्यांवर घरभाडं कुणीच देत नाही. ज्या माणसाला मी ओळखत नाही तो भाड्याच्या घरात राहतो, हे तुला कसं कळलं? आणि त्याला फोन करू नका असं तू मला का सांगावंस?

काल चौघांना घेऊन जिंतूरला गेलो. त्यांचे फोटो निघाले, नावं बदलली. आता राहिले दहा. नागसेन म्हणाला, नऊ ठेवता येतात, एक तोडा, मग उरलेल्या नवांची पैसे द्यायची सोय पुन्हा चालू होईल. मी म्हणालो, आधी हा ६३ वाला कोण ते कळल का? तो म्हणाला, बघू. त्यानं स्वतःच्या फोनवर एक रुपया पाठवायचा म्हणून तो नंबर टाकला. पैसे पाठवायच्या आधी समोरच्याचं नाव दिसतं म्हणे. त्यानं वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. मग फोन माझ्यापुढं धरला.

भारत सूर्यभान. आणि पुढं आपलं आडनाव.

पंकजा, तो काचेवरचा एवढासा उजेड. त्यात माझ्या पोराचं नाव, आणि त्याला चिकटून माझं. मला ऐकू येईना. नागसेन काहीतरी बोलत होता, त्याचे ओठ हलताना दिसत होते. सहा वर्षं दहा महिने मी धरून चाललो होतो की ते कार्ड कधीच मेलं. तो गेल्यावर दोन महिने मी रोज फोन लावत होतो. बंद, बंद, बंद. मग कुणीतरी सांगितलं, बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. मी लावायचं सोडलं. माझा फोन बदलला तसा तो नंबरही गेला. मापाच्या वहीत तो नव्हताच. घरच्या माणसांची मापं मी लिहीत नाही, ती हाताला पाठ असतात.

मी मनात काय काय धरून चाललो होतो ते तुला लिहिता येत नाही. येलदरीच्या धरणावर एकदा कुणी सापडलं म्हणून मी बघायला गेलो होतो, ते तुझ्या आईलाही माहीत नाही.

त्या दिवशीचं मी विसरलेलो नाही. नवरदेवाचा कोट. वऱ्हाड दारात उभं, आणि भारत एका हातानं फोन बघतो, दुसऱ्या हातातली इस्त्री कोटावर तशीच. धूर निघाला तेव्हा मला दिसलं. पाठीवर तळहाताएवढं भोक पडलं. नवरदेवाचा मामा मला काय काय बोलला. मी भारतला मारलं असतं तर बरं झालं असतं. मी तीच इस्त्री उचलली आणि त्याच्या फोनवर ठेवली, सगळ्या वऱ्हाडासमोर. दाबून धरली. काच तडकली, वास सुटला. भारत फोन गार होईस्तोवर उभा राहिला, नखानं आतलं कार्ड काढलं, खिशात घातलं आणि गेला. त्याच्या आधारकार्डावर जन्मसाल चुकून वय कमी लागलं होतं म्हणून तेही कार्ड माझ्याच अंगठ्यावर घेतलं होतं. आज सहा वर्षांनी कळतंय की तो माझाच अंगठा खिशात घेऊन गेला.

मी अजून त्याला फोन केलेला नाही. तू नको म्हणालीस म्हणून. पण मला खरं सांग. तुला माहीत होतं का? किती दिवसांपासून? आणि तो कुठं आहे?

अण्णा


कोपी-वस्ती
२ जानेवारी २०२६

ती. अण्णा,

तुम्हाला शपथ आहे, हे पत्र बसून वाचा.

मला पाच वर्षांपासून माहीत आहे. दादा हैदराबादला आहे. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे. लग्न झालंय. वहिनी तिकडचीच, पण मराठी बोलते. त्यांना साडेतीन वर्षांची मुलगी आहे, भक्ती. भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. तो शब्द माझ्या हातून निसटून गेला, तुमच्या नजरेतून सुटेल असं वाटलं होतं. तुम्ही वाकडी शिवण लांबून ओळखता हे मी विसरले.

दादानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, अण्णांना कळालं तर नंबर बदलीन आणि परत तुलाही सापडणार नाही. मी भिऊन गप्प राहिले. आणि दुसरं ऐका. आईला माहीत आहे. मी दिवाळीला येते तेव्हा चुलीपाशी बसून माझ्या फोनवरून ती त्याच्याशी बोलते. तुम्ही तेव्हा ओसरीवर मशीनवर असता. मशीनचा आवाज थांबला की ती फोन पदराखाली घेते. तिला रागावू नका. ती तुम्हाला नाही, नंबर बदलण्याला भीत होती.

आता खरी भीती वेगळीच झाली आहे. त्याच्या फोनचीही पैसे द्यायची सोय बंद पडली. मुलीला ताप होता, तो औषधाच्या दुकानात फोन टेकवत राहिला आणि यंत्र वाजेना. शेजाऱ्याकडून औषध मागून आणावं लागलं. भक्ती आता बरी आहे. मग कंपनीच्या दुकानात गेला तर त्यांनी सांगितलं, कार्ड सूर्यभान यांच्या नावावर आहे, ज्याचं नाव त्यालाच विचारा. अण्णा, त्याला तुमच्या यादीचं, चौदा कार्डांचं काहीच माहीत नाही. त्याला वाटलं तुम्ही मुद्दाम जाऊन बंद पाडलं. मला फोन केला आणि एवढंच म्हणाला, "पंकू, अण्णांनी परत इस्त्री ठेवली."

मी सांगायला लागले तर त्यानं ठेवून दिला. तुमच्यासारखाच आहे तो, ऐकून घेत नाही. म्हणतो, नवा नंबर घेणार आहे, माझ्या स्वतःच्या नावावर, आणि यावेळी तुलाही देणार नाही. आठ दिवसांत घेईन म्हणाला. तो बोलला ते करतो, तुम्हाला माहीत आहे.

पत्ता त्यानं मला कधी दिला नाही. माझ्याकडं आहे तो तेवढा नंबर. तुम्ही त्याला फोन करू नका, तुमचा आवाज ऐकला की तो उचललेलाही ठेवील. लिहा. काय लिहायचं ते लिहून माझ्याकडं पाठवा. मी त्याचा फोटो काढून त्याच्या फोनवर टाकीन. वाचायचं ठरवलं तर वाचील. पोस्टाच्या पेटीत टाकू नका. उद्याच्या ट्रॅक्टरनं हे माझं पत्र येतंय, तो ड्रायव्हर तिसऱ्या दिवशी परत फिरतो. त्याच्याच हाती द्या.

पंकजा


चारठाणा
५ जानेवारी २०२६

चि. भारतास,

आशीर्वाद लिहावा का नाही यात अर्धा दिवस गेला. लिहितो. अनेक आशीर्वाद.

हे पत्र सहा वर्षं दहा महिने उशिरा लिहितो आहे. त्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं पत्र आहे, चुकलं ते सांभाळून घे. पंकजा याचा फोटो तुझ्या त्याच नंबरवर टाकणार आहे. तो नंबर तू टाकून दिला नसशील तरच हे तुला दिसेल, म्हणून कामाचं आधी लिहितो.

तुझं कार्ड मी बंद पाडलं नाही. माझ्या अंगठ्यावर चौदा कार्डं निघाली. गावातल्या माणसांना मी अंगठा लावून दिला होता, तू दुकानात बसून हसायचास ते आठव. नऊच ठेवता येतात. म्हणून कंपनीनं सगळ्यांचीच सोय थांबवली, माझीही. त्यात तुझं कार्ड आहे हे मला तुझं नाव बघेपर्यंत माहीत नव्हतं. तू अजून तेच कार्ड वापरतोस हेही माहीत नव्हतं. पोरीला ताप असताना माझ्यामुळं तुला हात पसरावा लागला, हे वाचल्यापासून माझ्या तोंडाला अन्नाची चव नाही.

पंकजाचं पत्र आलं तेव्हा तुझी आई तांदूळ निवडत होती. मी तिला विचारलं, धुरपदा, भारत हैदराबादला हाय हे तुला माहीत व्हतं? तिनं एक खडा वेचून बाजूला टाकला. मी म्हणालो, मला का सांगितलं न्हाईस? ती म्हणाली, "तुमी विचारलं कवा?" आणि परत तांदूळ निवडायला लागली. थोड्या वेळानं उठून पिठाच्या डब्यामागून एक फडकं काढलं. त्यात तुझा जळका फोन होता. मी तो उकिरड्यावर टाकला होता. तिनं त्याच दिवशी उचलून आणलेला. प्लास्टिक वितळून त्यावर इस्त्रीचं टोक उमटलं आहे. मी तो हातात घेतला आणि मला आठवलं की त्या दिवशी तू माझ्या हाताकडं बघत होतास, फोनकडं नाही. माझा हात भाजला होता. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुला दिसलं होतं.

मी चुकलो, भारत. कोट परत शिवता आला असता. चार मीटर कापड आणि एका दिवसाचं काम.

आज सकाळी जिंतूरला जाऊन आलो. नऊ नंबर ठेवायचे होते आणि दहा उरले होते. आठ पंकजाच्या टोळीचे, ते तोडता येत नाहीत, पाडव्यापर्यंत त्यांच्या चुली त्यावर आहेत. राहिले दोन, तुझा आणि माझा. नागसेन म्हणाला, काका, तो पोरगा नवं घेईल की, तुमचं ठेवा, या वयात फोन लागतो. मी म्हणालो, माझं काढ. त्यानं दोनदा विचारलं. मग यंत्रावर माझा अंगठा घेतला. यावेळीही पहिल्या झटक्यात लागला.

तुझी सोय उद्या-परवा चालू होईल. टेकवून बघ.

माझ्याकडं आता फोन नाही. नागसेन म्हणतो आईच्या नावावर नवं कार्ड घ्या. मी नको म्हणालो. तुला फोन करायला माझ्याकडं आता काहीच उरलं नाही, तेव्हा माझ्या भीतीनं तुला नंबर बदलायची गरज नाही. तो तुझाच आहे. माझं नाव त्यावर नको असेल तर मला हैदराबादला बोलाव, नाहीतर तू जिंतूरला ये. समोरासमोर उभं राहिलं की दहा मिनिटांत तुझ्या नावावर होतं. चारठाण्याला यायची सक्ती नाही. बसस्टँडवरूनही परत जाऊ शकतोस.

एक काम होतं. घरच्यांची मापं मी कधी लिहिली नाहीत. काल दुकानात निळं कापड बघितलं आणि तुझ्या शर्टासाठी कात्री धरली, तर हात चालेना. एकविसाव्या वर्षाचं तुझं माप पाठ आहे, आताचं नाही. सूनबाईचं माहीत नाही. भक्तीचं तर काहीच माहीत नाही, उंची केवढी, खांदा केवढा. मापाच्या वहीत आज तुझं नाव घालून एक पान कोरं सोडलं आहे. तू स्वतः कटिंग मास्तर आहेस, नीट घेशील. बाकी काही लिहू नकोस वाटलं तर नको लिहूस. पण पोरीच्या फ्रॉकाची छाती आणि उंची तेवढी एका पोस्टकार्डावर लिहून टाक. या वयाची पोरं महिन्यात वाढतात, तेव्हा लवकर कळव.

तुझा अण्णा